कोल्ह्यापासून मूसपर्यंत एकच रायफल घ्यायची तर

मामांनी, म्हणजे नवऱ्याच्या मामांनी, माझ्या हातात पहिल्यांदा जी रायफल दिली ती .३०० विंचेस्टर मॅग्नम होती. त्यांचा हिशेब सरळ होता: मोठ्याला पुरेल ते लहानाला पुरेलच, मग दोन-दोन बंदुका सांभाळायच्या कशाला? मी पाच फूट दोन इंच. पहिल्याच बाराला दस्त्यानं खांद्यात असा रट्टा घातला की मी अर्धं पाऊल मागे सरकले, आणि स्कोपची, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीची, कडा येऊन उजव्या भुवईवर आदळली. तिथे अजून चंद्रकोरीएवढी खूण आहे. दुसरा बार मी डोळे मिटून काढला. मामांनी पाहिलं, पण तेव्हा काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "आज काडतूस मी भरणार, तू पाठ करून उभी राहा." एकेक काडतूस भरून ते रायफल माझ्या हातात द्यायचे. पहिला बार झाला. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतं 'टक्'. बिनदारूचं सरावाचं काडतूस होतं. ना आवाज, ना धक्का. तरी नळीचं तोंड वीतभर खाली गेलं आणि माझा खांदा आपसूक पुढे झेपावला. "बघितलंस सूनबाई? गोळी सुटायच्या आधीच तू नेम सोडतेस." मला काही बोलता आलं नाही. नळी कशी खाली गेली ते मी स्वतःच पाहिलं होतं.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण 'कुठलं कॅलिबर घेऊ' असं कुणी विचारलं की उत्तरं मिळतात ती सगळी जनावराच्या बाजूनं. किती मोठं जनावर, किती ऊर्जा, किती लांबून. खांद्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही. मी दोन्ही बाजूंनी सांगते. अर्थात जिथे शिकारीला कायद्यानं परवानगी आहे, हातात परवाना आहे आणि हंगाम चालू आहे, तिथलं हे बोलणं आहे.

नावांचा घोळ आधी निस्तरू

कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीच्या आतल्या भोकाची किंवा गोळीची जाडी. पण दुकानात आपण 'कॅलिबर' म्हणून जे मागतो ते खरं तर काडतुसाचं नाव असतं. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच जाडीची असते, .३०८ इंच. फरक आहे तो मागच्या पितळी कवचात किती दारू मावते याचा. उलट .२७० विंचेस्टरची गोळी .२७० नसून .२७७ इंचांची असते. .३०-०६ मधला '०६' म्हणजे १९०६ साल. त्या साली अमेरिकी लष्करानं हे काडतूस स्वीकारलं. ७×५७ माऊजरमधला '५७' म्हणजे कवचाची लांबी मिलिमीटरमध्ये. नावं ठेवणाऱ्यांनी कुठलाच एक नियम पाळलेला नाही, त्यामुळे नावावरून ताकद ओळखायला जाऊ नका.

एक मात्र ध्यानात ठेवाच. .३०८ चं कवच घेऊन त्याची मान आवळली की ७ एमएम-०८ होतं, आणखी आवळली की .२४३. तिन्हींची बुडं सारखीच. रायफलच्या नळीवर जे कोरलंय तेच काडतुसाच्या बुडावर कोरलेलं असेल तरच ते आत जाईल. घरात दोन रायफली असतील तर दोघींच्या डब्या एका पिशवीत नकोत.

सावजांची खरी यादी

कागद घ्या आणि पुढच्या पाच वर्षांत तुम्ही खरोखर कशाच्या मागे जाणार आहात ते लिहा. मनातलं नाही, खरं. माझ्या पहिल्या यादीत मूस, म्हणजे हरणांतला सगळ्यात मोठा प्रकार, सगळ्यात वर होता. प्रत्यक्षात दहातल्या आठ वेळा मी मध्यम हरणं आणि रानडुकरं यांच्याच मागे असते. मूसचा परवाना आतापर्यंत एकदाच हाती आला.

आकारानं पाहिलं तर ढोबळ गट असे पडतात. कोल्हा, कायोटी असली दहा-पंधरा किलोंपर्यंतची जनावरं. मग रो हरीण, वीस-तीस किलोंचं. त्यावर पांढऱ्या शेपटीचं हरीण, फॅलो, रानडुक्कर. साधारण पन्नास ते शंभर किलो, पण डुकराचं पोर आणि जुना सुळेवाला एकलगा यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यापुढे रेड डिअर, एल्क ही मोठाली हरणं. आणि टोकाला मूस, जो पाचशे किलोंवरही जातो. आफ्रिकेतला रानरेडा, हत्ती, मोठी तपकिरी अस्वलं हे वेगळंच प्रकरण. त्याला सर्वोपयोगी रायफल हे उत्तरच नाही. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी अशा जनावरांसाठी .३७५ ही कायद्याची किमान मर्यादा असते, आणि १९१२ पासून चालत आलेलं .३७५ एच अँड एच मॅग्नम तिथे अजून मानानं वापरलं जातं. तुमच्या यादीत रानरेडा असेल तर त्याच्यापुरती रायफल उसनी घ्या किंवा भाड्यानं घ्या. एका सहलीच्या स्वप्नापायी उरलेली वीस वर्षं खांदा शेकत बसायचं कारण नाही.

यादी झाली की तिथला कायदा वाचा, कारण बऱ्याचदा निम्मी निवड तोच करून टाकतो. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीत निदान १००० जूल ऊर्जा हवी; त्याहून मोठ्या हरणांना आणि डुकरांना निदान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि १०० मीटरवर २००० जूल. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी निदान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड ऊर्जा. नॉर्वेत मूससाठी गोळी निदान ९ ग्रॅमची हवी. ती ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० जूल लागतात, १० ग्रॅमच्या वर असेल तर २२०० पुरतात. मला हा शेवटचा नियम फार शहाणा वाटतो. जड गोळीला कमी ऊर्जेत पास करतात, कारण जड गोळी आत खोल जाते हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. ६.५×५५ स्वीडिश हे १८९४ चं काडतूस, आजच्या मानानं मवाळ, पण १५६ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १० ग्रॅमच्या वरची लांब गोळी घालून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले आहेत.

काम करते ती गोळी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे सगळ्यात महागडे धडे याच बाबतीतले आहेत.

शिकारी गोळी जनावरात शिरली की तिचं नाक मागे वळतं आणि ती अळंबीसारखी फुलते. फुलली की जखम रुंद होते, पण तितकीच ती लवकर थांबते. म्हणजे फुलणं आणि खोल जाणं यांची सतत ओढाताण. कोल्ह्याला फुलणं हवं, खोलीची गरज नाही. एल्कचा खांदा फोडून पलीकडच्या फुप्फुसापर्यंत जायचं तर खोली हवी. एकाच कॅलिबरमधून ही दोन्ही कामं होतात, कारण काडतुसात गोळी कुठली बसवलीय यावर सगळं आहे. .३०-०६ साठी ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. एकीच्या दुप्पट दुसरी. रायफल तीच.

मी ७ एमएम-०८ वापरते. हे १९८० चं काडतूस. पहिल्या वर्षी मी १२० ग्रेनची, प्लास्टिकच्या टोकाची, मऊ शिशाची गोळी घेतली. डबीवर हरणाचं चित्र होतं आणि अचूकता सुरेख होती. दाट झाडीत चाळीस मीटरवर एक रो हरीण बाजूनं उभं राहिलं. नेम जरासा पुढे पडला, खांद्याच्या हाडावर. हरीण जागीच कोसळलं. त्या अर्थानं तक्रार नाही. पण कातडं उतरवलं तेव्हा दोन्ही खांद्यांचं मांस काळपट रक्ताच्या लगद्यासारखं झालेलं, आत शिशाचे कण आणि हाडाच्या कपच्या. मामांनी सुरीच्या टोकानं तो लगदा उचलला, निरखला, बाजूला टाकला. "लहान जनावर म्हणून हलकी गोळी घेतलीस ना?" होय, तसंच केलं होतं. पण इतक्या जवळून हलकी मऊ गोळी प्रचंड वेगानं आदळते आणि आदळताक्षणी फुटते. मांस वाचवायचं असेल तर लहान हरणालासुद्धा जड, टणक, जरा सावकाश जाणारी गोळी बरी, आणि ती खांद्यावर नाही, खांद्याच्या मागे फुप्फुसात.

तेव्हापासून मी दोन गोळ्या ठेवते. एक ती १२० ग्रेनची. मोकळ्या माळावरच्या कोल्ह्यांसाठी आणि कागदावर सराव करायला. दुसरी १४० ग्रेनची बाँडेड, म्हणजे जिच्यात शिसं वरच्या तांब्याच्या आवरणाला घट्ट जोडलेलं असतं आणि आदळल्यावर दोन्ही सुटी होत नाहीत. रो हरणापासून एल्कपर्यंत सगळं ही दुसरीच करते. तो एकुलता एक मूसही तिनंच पडला. दीडशे मीटरच्या आत होता, बाजूनं उभा. गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली सापडली, पाकळ्या उलगडलेलं तांब्याचं फूल. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवली तर मूळ वजनाच्या फार थोडी खाली होती. काळजावर धोंडा ठेवून चाप ओढला होता. पण ती गोळी हातात घेतल्यावर मॅग्नमचं भूत डोक्यातून उतरलं.

गोळ्यांचे प्रकार थोडक्यात: साधी मऊ नाकाची, स्वस्त, मध्यम हरणांना आणि मध्यम वेगाला अजूनही उत्तम. मग पार्टिशन, जिच्यात मधोमध तांब्याची भिंत असते. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. जॉन नॉस्लर यांनी ती १९४८ मध्ये बाजारात आणली, आणि कारण मूसच: चिखलानं माखलेल्या एका मूसवर त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्या वर फुटल्या होत्या. मग बाँडेड. आणि शेवटी अख्खी तांब्याची, बिनशिशाची. ही सगळ्यात खोल जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याची अडचण एवढीच की तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतले आटे जास्त पीळदार लागतात. नळीवर १:१० लिहिलं असेल तर दहा इंचांत गोळी एक फेरा घेते. १:८ म्हणजे आठ इंचांत. लांब गोळ्या वापरायच्या असतील तर आकडा लहान बघा. तांब्याची गोळी घेताना नेहमीच्या शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी घ्यावी, काम तितकंच होतं.

आणखी एक गोष्ट डबीवर मोठ्या अक्षरांत नसते. गोळी फुलायला वेग लागतो. बऱ्याच शिकारी गोळ्यांना साधारण १८०० फूट प्रति सेकंद, तांब्याच्या काहींना २००० च्या आसपास. काडतुसाच्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गोळीचा वेग ज्या अंतरावर याच्या खाली उतरतो, तिथे तुमची रायफल संपली असं समजा. पुढे नुसतं भोक पडेल आणि जनावर जायबंदी होऊन कोस-दोन कोस पळेल.

आता काडतुसं

खालून सुरू करते. .२२३ रेमिंग्टन कोल्ह्याला झकास, धक्का नगण्य. पण ५५ ग्रेनच्या गोळीनं हरीण मारणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि जिथे कायदेशीर आहे तिथेही मी नाही करणार.

.२४३ विंचेस्टर, १९५५ चं. ५५ ते १०० ग्रेन. कोल्हा आणि मध्यम हरीण एवढीच तुमची यादी असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायचीही गरज नाही. एल्कला मात्र हे अपुरं. अचूक हातात चालतं असं म्हणणारे भेटतील, आणि त्यांचं खरंही असेल, पण सावज तिरकं उभं राहिलं की हाताशी काही शिल्लक राहत नाही.

६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. १४० ग्रेन, २७०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास. गोळी बारीक आणि लांब, त्यामुळे वारा कापते आणि आत खोल जाते. वजन आणि जाडी यांचं जे गुणोत्तर गोळीची भेदकता सांगतं, ते या गोळीचं .२८७ येतं; .३० जाडीच्या १८० ग्रेनच्या गोळीचं .२७१. म्हणून हे मवाळ वाटलं तरी पोकळ नाही. माझी कुरबुर एकच: याच्या कौतुकात लोक पाचशे-सहाशे मीटरच्या गोष्टी करतात. कागदावर ठीक आहे. जिवंत जनावर तेवढ्या वेळात एक पाऊल टाकतं.

.२७० विंचेस्टर, १९२५. १३० ग्रेन, ३०६० फूट प्रति सेकंद. डोंगरातल्या, मोकळ्या मुलखातल्या शिकारीला शंभर वर्षं झाली तरी तोड नाही. ७ एमएम-०८ माझी. तिच्या नात्यातली आजी म्हणजे १८९२ चं ७×५७ माऊजर, इंग्रजांनी त्यालाच .२७५ रिग्बी म्हटलं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी पाडला तो याच काडतुसानं. कॅप्टन बेल यांनी तर आफ्रिकेत याच्यानं शेकड्यांनी हत्ती मारले. पण त्यांच्या गोळ्या न फुलणाऱ्या, टणक आवरणाच्या होत्या आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्यांनी कवट्या कापून पाहिलं होतं. हे उदाहरण देऊन कुणी बारीक कॅलिबरनं मोठं जनावर मारायला सांगू लागलं तर त्याला आधी विचारा, कवटी कापलीय का.

.३०८ विंचेस्टर, १९५२. त्याचाच लष्करी भाऊ ७.६२×५१ दोन वर्षांनी नाटोनं घेतला. १५० ग्रेन साधारण २८२० फूट प्रति सेकंदानं, १८० ग्रेन २६२० नं. .३०-०६ याच्याहून शंभरेक फुटांनी वेगवान आणि २०० ग्रेनच्या पुढच्या जड गोळ्या त्याला जास्त मानवतात. बदल्यात रायफल किंचित लांब, धक्का किंचित जास्त. दोघांत भांडण लावणारे रात्र-रात्र जागतात. जनावराला फरक कळत नाही.

वर ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, १९६२; .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३. एल्क-मूस हीच मुख्य शिकार, मुलूख उघडा, आणि धक्का खरोखर सोसतो, तिन्ही गोष्टी असतील तर घ्या. यांतली एक जरी नसेल तर राहू द्या.

आता एक हिशेब. नेम धरला तिथेच २०० यार्डांवर गोळी लागेल अशी रायफल लावली, तर ३०० यार्डांवर .२७० ची गोळी साधारण सात इंच खाली पडते, .३०८ ची आठ-साडेआठ. दोन बोटांचा फरक. कॅटलॉगमध्ये या दोन बोटांसाठी पानंच्या पानं खर्ची पडतात. तुमचा श्वास चुकला तर त्याहून जास्त फरक पडतो.

खांद्याचं गणित

आठ पौंडांच्या, म्हणजे साडेतीन किलोंच्या थोड्या वरच्या रायफलीतून धक्क्याची ऊर्जा फूट-पाउंडांत साधारण अशी: .२४३ ला ९, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ ला १२-१३, .३०८ ला १६ ते १८, .३०-०६ ला २०, .३०० मॅग्नमला २५ च्या वर. बहुतेकांना पंधराच्या आसपास सरावाला कंटाळा येत नाही. विशीत गेल्यावर वीस बारांनंतर मन नकळत कारणं शोधू लागतं: ऊन झालं, वारा सुटला, आज पुरे.

पण नुसता आकडा पाहू नका. धक्का निम्मा दस्त्याच्या मापावर असतो. मामांच्या रायफलीचा दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा. चापापर्यंत बोट पोचवायला मी मान पुढे ताणत होते, म्हणूनच तर स्कोप भुवईवर आला. माझ्या रायफलीचा दस्ता इंचभर कापून घेतला, बुडाला जाड रबर लावलं, स्कोप पुढे सरकवला. तीच रायफल एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे भोकांचं टोपण, लावला तर धक्का आणखी कमी होतो, पण आवाज असा कानठळ्या बसवणारा की शेजारी उभा असलेला माणूस तुम्हाला पुन्हा सोबत नेणार नाही. सप्रेसरला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला, परवानगी असेल तर तो बरा. कानात बोळे मात्र काहीही लावलं तरी हवेतच.

फार हलकी रायफल घेऊ नका, हेही सांगून ठेवते. डोंगर चढताना तिचं कौतुक वाटतं, चाप ओढताना नाही.

घेण्याआधी शक्य असेल तर कुणाची तरी उसनी घेऊन मामांची युक्ती करून बघा. सोबत्यानं खरी आणि सरावाची काडतुसं आलटून पालटून भरायची. 'टक्' झाल्यावर नळी हलली नाही तर ते काडतूस तुमचं. हलली तर एक पायरी खाली या. यात लाज कसली? मामांचा मुलगा सहा फुटांचा गडी, तो .३००वरून .२७०वर आला आणि तेव्हापासून त्याची सावजं जागीच पडायला लागली.

मी काय घेतलं आणि तुम्ही काय घ्यावं

ही दोन उत्तरं वेगळी आहेत. माझी ७ एमएम-०८ मला प्रिय आहे. पण एका हंगामात चार तासांचा प्रवास करून डोंगराच्या पायथ्याशी पोचले आणि कळलं की काडतुसांची डबी घरी टेबलावरच राहिलीय. चूक माझीच. तिथल्या एकमेव दुकानात फळीवर .२४३ होती, ६.५ होती, .३०८ चे सहा प्रकार, .३०-०६ चे पाच. ७ एमएम-०८ ची एकही डबी नाही. दोन दिवस मी दुर्बीण गळ्यात घालून दुसऱ्यांची सावजं शोधून दिली. .३०८ असती तर दहा मिनिटांत प्रश्न मिटला असता.

म्हणून नवख्याला, जो एकच रायफल घेणार आहे, त्याला मी .३०८ सांगते. १५० ग्रेनची साधी मऊ गोळी हरणांना, १६५ किंवा १८० ग्रेनची बाँडेड डुकरं, एल्क आणि मूसला. धक्का जड वाटला तर कमी दारूची सौम्य काडतुसंही याच्यासाठी मिळतात, त्यांनी सुरुवात करता येते. अंगकाठी लहान असेल, काडतुसं आधीच भरपूर आणून ठेवायची शिस्त असेल, तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. मूस-एल्क दरवर्षीचे असतील आणि शरीर धडधाकट असेल तर .३०-०६. एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

घेतल्यावर दोन गोळ्या निवडा आणि दोन्ही कागदावर मारून बघा. एकाच रायफलीतून दोन वेगळ्या गोळ्या एकाच जागी लागतील असं समजू नका. माझ्या दोन १०० मीटरवर सव्वादोन इंचांनी वेगळ्या पडतात, आणि सरळ वर-खाली नाही, तिरक्या. जिनं मोठी सावजं मारायची त्या गोळीला स्कोपचा नेम जुळवा, दुसरीचा फरक लिहून ठेवा. मी तो स्कोपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलाय. डोक्यात राहील म्हणाल तर नाही राहत. पहाटे थंडीनं बोटं बधिर झालेली असतात आणि समोर कोल्हा उभा असतो.

मग टेबल-वाळूच्या पिशव्या सोडा. वीस सेंटिमीटरची कागदी ताटली लावा, कारण मध्यम हरणाची छातीतली मर्माची जागा जवळपास तेवढीच असते. गुडघ्यावर बसून, मांडी घालून, काठीच्या आधारानं, झाडाला टेकून मारा. पाचच्या पाच गोळ्या ताटलीत बसतात ते सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे तुमचं अंतर, डबीवरचं काहीही असो. माझं मांडी घालून १८० मीटर आहे, उभ्यानं काठीवर ९०. मॅग्नम होती तेव्हा मांडी घालून ११० होतं. दोन्ही आकडे झाकणातल्या चिकटपट्टीवर खाली लिहिलेत, आणि दर हंगामाआधी खोडून नव्यानं लिहिते.